फोर व्हील लागत नाही? बॉक्स उघडायच्या आधी हे बघा

प्रश्न: गाडी जुनी, डिझेल. फोर हायचं (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) बटण फिरवलं की डॅशवरचा लाइट नुसता ब्लिंक होत राहतो, पुढची चाकं ओढत नाहीत. मेकॅनिक म्हणतोय ट्रान्स्फर केस (इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारा बॉक्स) बदला. खरंच गेली असेल का?

एवढ्यात खर्चात पडू नका. लाइट ब्लिंक होतोय म्हणजे काम पूर्ण झाल्याचा सिग्नल परत आला नाही, एवढंच. ताकद नेमकी कुठे तुटतेय ते आधी शोधा. सपाट जागी चाकांना पुढेमागे दगड लावा, हँडब्रेक ओढा, एकाला आत बसवून बटण फिरवायला सांगा आणि तुम्ही ट्रान्स्फर केसकडे कान द्या. केसवरच्या, फोर व्हील जोडणाऱ्या मोटरचा घर्र आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, बॅटरी आणि मोटरचं कनेक्टर बघा, ते कनेक्टर खाली चिखलपाण्यात असतं त्यामुळे आतल्या पिना हिरव्या पडलेल्या सापडतात, साफ करून घट्ट बसवलं की बऱ्याचदा तिथेच काम होतं.

आवाज येतोय तरी लाइट स्थिर होत नाही? मग इंजिन बंद करा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, बटण फोर हायवरच ठेवा आणि खाली जाऊन पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसमधून पुढच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा) हाताने फिरवून बघा. जरासा खेळ सोडून तो हलला नाही पाहिजे. घट्ट असेल तर बहुतेक ट्रान्स्फर केसने आपलं काम केलंय, दोष पुढच्या ॲक्सलकडे आहे. हाताने हबलॉक (पुढचं चाक ॲक्सलशी जोडणारी कळ) फिरवायची गाडी असेल तर दोन्ही हब नीट लॉक झालेत का बघा. व्हॅक्यूमने (हवेच्या ओढीने) पुढचा ॲक्सल जोडणारी असेल तर पाइप बघा, उष्णतेने रबर कडक होतं आणि टोकाला, जिथे तो निपलवर बसतो तिथेच, बारीक चीर जाते जी लांबून दिसतच नाही. इंजिन आयडलवर, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून डायफ्रामचा (व्हॅक्यूमने ओढल्या जाणाऱ्या रबरी पडद्याचा) पाइप काढा आणि टोकावर बोट धरा (दोन पाइप असतील तर एक जोडायला आणि एक सोडायला असतो, फोर हायवर जोडायच्या पाइपला ओढ हवी). बोट ओढलं गेलं नाही तर पाइप किंवा सोलेनॉइड (व्हॅक्यूम चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) गेलाय, ओढलं गेलं तर डायफ्राम फाटलाय नाहीतर ॲक्सल जोडणारा आतला फोर्क जाम आहे. आणि हो, डिझेलमध्ये व्हॅक्यूम पंपाकडून येतो आणि ब्रेकचा बूस्टरही त्यावरच चालतो, सोबत ब्रेक पेडल कडक लागत असेल तर गाडी बाहेर काढू नका, आधी पंप बघा.

प्रश्न: डांबरी रस्त्यावर फोर हायमध्ये वळलं की गाडी अडखळते, स्टिअरिंग जड होतं, आणि नंतर टू हायवर (फक्त मागच्या चाकांवर) येतच नाही.

यात बिघाड नाही, पार्ट टाइम (गरजेपुरतं लावायचं) फोर व्हील कोरड्या रस्त्यासाठी नसतंच. वळताना पुढची चाकं मोठा गोल घेतात आणि मागची लहान, पण मध्ये डिफरन्शियल (वेगातला फरक चालवून घेणारे गिअर) नसल्यामुळे दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने बांधलेले असतात. चिखलात टायर घसरून तो फरक निघून जातो, डांबरावर निघत नाही, मग सगळा ताण गिअरांमध्ये अडकतो. स्टिअरिंग सरळ ठेवून थोडं रिव्हर्स घ्या, सुटेल. सरळ रस्त्यावरही असंच होत असेल तर चारही टायर बघा, पुढे नवे मागे झिजलेले, किंवा हवेत मोठा फरक, असं काहीतरी सापडेल.

प्रश्न: फोर लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) टाकताना करकर आवाज येतो, लागत नाही.

गाडी पूर्ण थांबवा, गिअर न्यूट्रल, क्लच दाबून लिव्हर एका दमात ओढा. तरी नाही लागला तर दातावर दात आलेत, गाडी वीतभर पुढे सरकवून परत करा. कायमच असं होत असेल तर लिव्हरच्या लिंकेजचे (जोडदांड्यांचे) बुश बघा. फक्त एक काळजी घ्या, ट्रान्स्फर केस मध्येच न्यूट्रलला राहिली तर गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये उभी केलेली गाडीसुद्धा उतारावरून सुटते, म्हणून हँडब्रेक ओढल्याशिवाय उतरायचं नाही.

प्रश्न: चढावर फोर लोमध्ये जोर दिला की खाडकन आवाज येऊन झटका बसतो. टू हायमध्ये काही नाही.

इथे मात्र बॉक्स उघडावा लागेल असं वाटतंय. ट्रान्स्फर केसमधली चेन ताणली गेली की लोडखाली दातावरून उडी मारते, तोच हा आवाज. आधी पुढच्या शाफ्टचे क्रॉस (टोकाचे सांधे) हलवून बघा, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट येत असेल तर सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाकडचा सांधा) तपासा. हे दोन्ही ठीक असतील तर तशीच चालवू नका, सुटलेली चेन केसिंग फोडू शकते.

प्रश्न: ओढ्यातून गाडी काढली, आता पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल दुधासारखं झालंय. सील बदलू का?

सीलआधी ब्रीदर (ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारं छोटं तोंड) बघा. गरम ॲक्सल पाण्यात गेला की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदर चोंदलेला असेल तर सीलच्या कडेने पाणी आत खेचलं जातं. ब्रीदर मोकळा करा, त्याला पाइप लावून तोंड इंजिन बेमध्ये वर न्या. ऑइल लगेच बदला, थोडं चालवून परत बघा, पांढरट दिसलं तर पुन्हा बदला. ट्रान्स्फर केसचंही बघून घ्या, तिथे काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं काहींना गिअर ऑइल, मॅन्युअलमध्ये असेल तेच घाला. आणि ड्रेन बोल्ट उघडायच्या आधी भरायचा बोल्ट सैल होतोय का ते बघा, तो गंजून बसला असेल तर ऑइल काढून टाकल्यावर नवीन भरायला जागाच राहत नाही.