एअर सिलोनचे काय झाले?

प्रश्न : वडिलांच्या जुन्या कागदांत ‘एअर सिलोन’चे मुंबई–कोलंबो तिकीट सापडले. आजची श्रीलंकन एअरलाइन्स म्हणजे तीच कंपनी का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. एअर सिलोनचे पहिले विमान १० डिसेंबर १९४७ रोजी, म्हणजे सिलोन (आजची श्रीलंका) स्वतंत्र होण्याच्या दोन महिने आधी, कोलंबोजवळच्या रत्मलाना येथून जाफन्यामार्गे मद्रासला गेले. ते डकोटा जातीचे होते आणि ताफ्यातल्या एका डकोटाचे नाव चक्क ‘सीतादेवी’ होते. लंकेच्या विमानाला सीतेचे नाव, हा योगायोग आपल्याला गमतीचा वाटेल. लांब पल्ल्याच्या उड्डाणांसाठी मात्र कंपनी कायम परक्या भागीदारांवर विसंबून राहिली : आधी ऑस्ट्रेलियन, मग डच, ब्रिटिश आणि शेवटी फ्रेंच. १९६९ साली तिने ट्रायडंट हे जेट घेतले, पण एकच. ते दुरुस्तीला गेले की त्याच्या जागी उभे करायला दुसरे ट्रायडंट नव्हतेच. दुखण्याचे मूळ मला इथेच दिसते. त्यात सप्टेंबर १९७८ मध्ये कंपनीचे एक ॲव्हरो विमान रत्मलाना येथे बॉम्बस्फोटात नष्ट झाले आणि पुढच्याच वर्षी सरकारने एअर सिलोन बंद करून सिंगापूर एअरलाइन्सच्या मदतीने ‘एअर लंका’ उभी केली.

आजची श्रीलंकन ही या एअर लंकेची वारस. १९९८ मध्ये एमिरेट्सने तिच्यात भागीदारी आणि व्यवस्थापन घेतल्यावर हे नवे नाव आले. जुलै २००१ मध्ये कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावर तमिळ वाघांनी केलेल्या हल्ल्यात तीन मोठी एअरबस विमाने जळूनही ती तगली. भागीदारी मोडली ती वेगळ्याच कारणाने. डिसेंबर २००७ मध्ये लंडनहून परतणाऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या लवाजम्यासाठी तिकीट काढलेल्या प्रवाशांना उतरवण्यास कंपनीने नकार दिला, तेव्हा सरकारने मुख्य अधिकारी पीटर हिल यांचा कामाचा परवानाच रद्द केला आणि २००८ मध्ये एमिरेट्सने व्यवस्थापन सोडले. सरकारने २००७ मध्ये काढलेली स्वस्त दरांची ‘मिहिन लंका’ही २०१६ मध्ये बंद झाली.

तिकिटावर तारीख नसेल, तर केवळ ‘सिलोन’ या नावावरून ते १९७२ पूर्वीचे ठरवू नका. देश श्रीलंका झाल्यावरही कंपनीने अखेरपर्यंत जुनेच नाव चालवले.