गाडी दुसऱ्या गिअरवर उचलावी का?

प्रश्न : आमच्याकडे बारा गिअरचे दोन एएमटी (क्लच पेडल नसलेले, आपोआप गिअर बदलणारे) ट्रेलर आहेत. एक ड्रायव्हर भरलेली गाडीही मॅन्युअल मोडला टाकून दुसऱ्यावर उचलतो. "क्लचचं पेडलच नाही, मग क्लच जळेल कसा?" असं त्याचं म्हणणं. (एक वाहतूक व्यावसायिक, चाकण)

पेडल गेलं, क्लच गेलेला नाही. एएमटीमध्ये साध्या गाडीसारखीच कोरडी क्लच प्लेट असते. ती दाबायचं-सोडायचं काम पायाऐवजी कॉम्प्युटर हवेच्या दाबावर करतो, एवढाच फरक. इंजिन फिरतंय आणि गाडी उभी आहे, तर दोघांचा वेग जुळेपर्यंत प्लेट घासणारच.

व्होल्वोच्या बारा गिअरच्या आय-शिफ्ट या एएमटी गिअरबॉक्सचं उदाहरण घ्या. त्यातल्या एका प्रकारात पहिल्या गिअरचं गुणोत्तर (गिअरबॉक्सच्या बाहेर एक फेरा पडायला इंजिनाचे किती फेरे लागतात तो आकडा) 14.94 आहे, दुसऱ्याचं 11.73. म्हणजे दुसऱ्यावर चाकाला मिळणारा जोर पाचव्या हिश्शाने कमी आणि क्लच पूर्ण लागेपर्यंत गाठायचा वेग सव्वापटीहून जरा जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं. पण प्लेटवर निघणारी उष्णता वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) हिशोबाने वाढते. त्यामुळे इंजिनाचे फेरे तेवढेच असले तरी सपाट रस्त्यावरही ती साधारण 60 टक्के जास्त होते, चढावर त्याहून जास्त.

असा क्लच उघडला की फ्लायव्हीलवर (प्लेट ज्यावर घासते त्या इंजिनाच्या जड चाकावर) निळे-जांभळे डाग दिसतात, नख फिरवलं की बारीक भेगा लागतात आणि खाली लायनरचा (प्लेटवरच्या अस्तराचा) काळा भुगा साचलेला असतो. तिथवर हात पोचायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ड्रायव्हरला रागावू नका, एकदा ती जळालेली प्लेट हातात द्या. भरलेली गाडी ऑटोवरच उचलायची, हे त्याला तेव्हाच पटेल.

प्रश्न : माझी गाडी रिकामी असताना आपणहून तिसऱ्यावर उचलते. बिघाड आहे का?

अजिबात नाही. वजन आणि चढ यांचा अंदाज घेऊन कॉम्प्युटरच गिअर निवडतो. रिकाम्या गाडीला पहिल्याची गरज नसते.

प्रश्न : घाटात ट्रॅफिक जाम झाला की मी ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी चढावर धरून ठेवतो. परवा क्लच गरम झाल्याची सूचना आली. (ड्रायव्हर, कसारा घाटातून नेहमीची फेरी)

भाऊ, ही सवय दुसऱ्या गिअरपेक्षाही वाईट. गाडी जागची हलत नाही आणि प्लेट सारखी घासत राहते, म्हणजे हा कायमचा हाफ क्लच. चढावर गाडी धरायची ती ब्रेकने किंवा हिल होल्डने (चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय). पुढे दोन-तीन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्या, मग पहिल्यावर उचला. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत. सूचना आलीच तर जागा बघून हँडब्रेक लावा, न्यूट्रलला टाका आणि इंजिन चालू ठेवून क्लच थंड होऊ द्या.

प्रश्न : मी अमेरिकेत मिनेसोटात असतो. माझ्याकडे नव्वदच्या दशकातला फोर्ड पिकअप आहे, चार गिअरचा ऑटोमॅटिक. बर्फात लिव्हर 2 वर ठेवून निघालो तर नुकसान होईल?

तुमचं यंत्र वेगळं. इथे घासणाऱ्या प्लेटऐवजी टॉर्क कन्व्हर्टर आहे, जोर तेलातून जातो. फोर्डच्या त्या काळच्या ई4ओडी गिअरबॉक्समध्ये लिव्हर 2 वर ठेवला की गाडी खरोखरच दुसऱ्यावर सुटते. पहिल्याचं गुणोत्तर 2.71, दुसऱ्याचं 1.54, म्हणजे चाकावरचा जोर चाळीस टक्क्यांहून अधिक घटतो. बर्फावर नेमकं हेच हवं असतं, चाक जागच्या जागी फिरत नाही. तेव्हा बर्फात बेलाशक वापरा. मागे ट्रेलर जोडून कोरड्या चढावर मात्र नको. तिथे कन्व्हर्टर जास्त वेळ सरकत राहतो आणि सगळी उष्णता तेलात उतरते. इतर कंपन्यांच्या काही गाड्यांत 2 चा अर्थ फक्त 'दुसऱ्याच्या वर जाऊ नको' एवढाच असतो आणि गाडी पहिल्यावरच सुटते, म्हणून गाडी बदललीत तर तिचं माहितीपुस्तक बघा. आणि एवीतेवी बॉनेट उघडाल तेव्हा गिअरबॉक्सची डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) पांढऱ्या कापडावर पुसा. तेल लाल असेल तर ठीक. तपकिरी होऊन करपल्याचा वास येत असेल, तर हिवाळ्याची वाट न बघता गाडी दाखवून घ्या.