सोलापूरचा पिन ४१३००१: मूळ संख्या आहे का?

तुमचं म्हणणं असं की ४१३००१ = ९ × ४५८८९ इथपर्यंत जमलं, पुढे शंभराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, एकानेही भाग गेला नाही, म्हणजे ४५८८९ मूळच. इथेच फसलात. कुठे थांबायचं ते शंभर ठरवत नाही, वर्गमूळ ठरवतं. २१४ चा वर्ग ४५७९६ आणि २१५ चा ४६२२५, तेव्हा २११ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायला हव्यात. ९ आधी काढलात हे बरं केलंत, नाहीतर ही मजल ६४२ पर्यंत गेली असती.

४५८८९ च्या अंकांची बेरीज ३४, म्हणजे ३ चा विषय संपला. ७, ११ आणि १३ साठी तीनदा भागत बसू नका. या तिघांचा गुणाकार १००१ होतो, म्हणून शेवटच्या तीन अंकांतून पुढचे वजा करायचे: ८८९ − ४५ = ८४४. बाक्या ४, ८, १२. तिघेही बाद.

१७ पासून मात्र एकेक करूनच बघावं लागतं. ८९ ने भागल्यावर बाकी ५४ येते, १०३ ने भागल्यावरही ५४च. चूक झाली म्हणून खोडू नका. ४५८३५ ला दोघांनीही भाग जातो, म्हणून तसं होतं. १०७ ला बाकी ९३. आणि मग १०९: १०९ × ४०० = ४३६००, उरले २२८९, ते बरोबर १०९ × २१. म्हणजे ४५८८९ = १०९ × ४२१. ४२१ वेगळी तपासायची गरज नाही. तिचं वर्गमूळ २१ च्या आत आहे आणि तिथले सगळे भाजक आधीच बाद झालेत.

तर ४१३००१ = ३² × १०९ × ४२१. विभाजक ३ × २ × २ = १२, त्यांची बेरीज १३ × ११० × ४२२ = ६०३४६०. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे ९ ने, भाग जातो म्हणून ही हर्षद संख्याही आहे. हे नाव देवळालीच्या द. रा. कापरेकरांचं.

खरी गंमत वर्गांची. १०९ = १०² + ३², ४२१ = १५² + १४². अशा दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज होतो, तोही दोन तऱ्हांनी. ब्रह्मगुप्ताचं हे सूत्र सातव्या शतकातलं. १५० आणि ४२ ची बेरीज १९२, १४० आणि ४५ ची वजाबाकी ९५. चिन्हं उलटली की १०८ आणि १८५. ९ म्हणजे ३ चा वर्ग, म्हणून या चारही आकड्यांना ३ ने गुणायचं:

४१३००१ = ५७६² + २८५² = ३२४² + ५५५²

तिसरी तऱ्हा नाही. आणि हे जमलं ते ३ दोनदा आला म्हणून. पिनला एकदाच ३ ने भागून येणारी १३७६६७ दोन वर्गांच्या बेरजेत मांडताच येत नाही.