नवी मुंबईत घणसोलीहून वाशीला सायकलने ऑफिसला जाताना लॅपटॉप, डबा आणि कपडे कसे न्यावेत?

आधी पाठीवरची सॅक सोडा. तुमचं घणसोली ते वाशी अंतर फार नाही, पण आपल्या दमट हवेत कोपरखैरणे येईपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो.

मागे कॅरिअर बसवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पॅनिअर बॅगा घ्या. वजन खाली राहतं, सायकल कमी डुलते. त्याआधी फ्रेमवर मागच्या चाकाजवळ कॅरिअरच्या स्क्रूसाठी भोकं आहेत का बघा. नसतील तर सीटच्या दांड्याला आवळायचं कॅरिअर मिळतं, पण ते वजन कमी पेलतं. बॅग थोडी मागे सरकवून लावा, नाहीतर दर पॅडलला टाच आपटते.

लॅपटॉप स्लीव्हमध्ये उभा, खाली घडी केलेला टॉवेल. खड्ड्यांचे दणके तोच खातो. डबा मात्र दुसऱ्या बाजूच्या बॅगेत! माझ्या चार्जरने एकदा अख्खी आमटी प्यायली आहे. (भेंडीच्या भाजीच्या दिवशी चिंता नाही.)

शर्ट घडी न घालता गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात बॅग वॉटरप्रूफ असली तरी आत जाड प्लास्टिकची पिशवी हवीच, आणि मागच्या चाकाला मडगार्डही.