‘बोर्ड आऊट’ची जुनी फाइल पुन्हा उघडते का?

इंदूर-महू पट्ट्यातल्या मराठी घरांत फौजेतून परतलेला एखादा काका-मामा असतोच. त्यांतल्या काहींच्या ट्रंकेत तळाशी एक पिवळं पडलेलं पत्र असतं: आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेनं वाढलेलाही नाही, सबब अपंगत्व पेन्शन नामंजूर. या शेऱ्याला फौजेत इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नाना’ म्हणतात. मी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात, क्लार्क होतो. अशी पत्रं माझ्या हातानं टाइप झाली आहेत, आणि ती घेऊन घरी गेलेल्या जवानांचं पुढे काय झालं हे नंतर पाहिलंही आहे. म्हणून ही उत्तरं.

प्रश्न : १९८४ मध्ये भरती झालो, १९९३ मध्ये फिट्स येतात म्हणून बोर्ड आऊट, म्हणजे मेडिकल बोर्डानं अपात्र ठरवून घरी पाठवलं. बोर्डानं ३० टक्के अपंगत्व लिहिलं, पण ‘आजार उपजत प्रकृतीचा’ असा शेरा मारला. १९९५ मध्ये नकार आला. अपील केलं नाही. आता मुलगा म्हणतो, कोर्टात जाऊ. इतक्या वर्षांनी कोण ऐकणार? (माजी सिपाही, सुदामानगर)

ऐकतात. तुमच्यासारखीच एक केस सर्वोच्च न्यायालयात गेली होती. सिग्नल कोरचे धरमवीर सिंग सुमारे ९ वर्षं नोकरी करून १९९४ मध्ये फिट्सच्याच आजारानं बाहेर पडले, शेराही हाच. २०१३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. आधार होता अपंगत्व पेन्शनच्या हक्काबद्दलच्या १९८२ च्या नियमांचा, आणि १९९३ मध्ये बाहेर पडल्यामुळे तुम्हालाही तेच लागू आहेत. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून तुम्हाला ठणठणीत म्हणून घेतलं आणि आजाराची नोंद केली नाही, तर तो नोकरीतच उद्भवला असं धरायचं. तो आजार भरतीच्या तपासणीत कळणं शक्य नव्हतं असं बोर्डाला म्हणायचं असेल, तर त्याची कारणं लिहायला हवीत. नुसतं ‘उपजत’ म्हणणं म्हणजे कारण नव्हे. शिवाय सिद्ध करण्याचं ओझं जवानावर नाही, शंका राहिली तर तिचा फायदा जवानाला.

हे वाक्य मुलाला दोनदा वाचायला सांगा. कारण आपली माणसं ‘माझा आजार ड्यूटीमुळेच झाला’ हे सिद्ध करण्यात जन्म घालवतात, पुरावा मिळत नाही म्हणून गप्प बसतात. विचारायचा प्रश्न उलटा आहे: भरतीच्या कागदावर हा आजार होता का?

उशिराचं म्हणाल तर सैन्य दल न्यायाधिकरणात जायला शेवटच्या आदेशापासून ६ महिन्यांची मुदत असते, पण सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणजे अन्याय दर महिन्याला नव्यानं होतो. हे तत्त्व २००८ च्या तरसेम सिंग निकालात आहे. ते १९८३ मध्ये बाहेर पडले आणि १९९९ मध्ये कोर्टात गेले. मात्र त्याच निकालात थकबाकी याचिकेआधीच्या साधारण तीन वर्षांपुरतीच मिळाली. म्हणजे दार उघडं आहे, पण तुम्ही घरी बसलेला प्रत्येक महिना मागच्या बाजूनं गळून पडतो. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणू नका.

क्रम असा ठेवा. आधी माहितीच्या अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडून मेडिकल बोर्डाची संपूर्ण कारवाई, भरतीच्या वेळची तपासणी आणि नकाराचं पत्र मागवा. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते, उत्तराची मुदत ३० दिवस. मग उशिराचं कारण लिहून अपील पाठवा. नकार आला, किंवा ६ महिन्यांत उत्तरच आलं नाही, की न्यायाधिकरणाचं दार वाजवता येतं. मध्य प्रदेशासाठी खंडपीठ जबलपूरला आहे. इथून रात्रीची ओव्हरनाइट एक्सप्रेस धरली की सकाळी तिथे.

कागद आले की नकार कोणाचा आहे तेही बघा. बोर्डानं हक्क मान्य केला होता आणि अलाहाबादच्या पेन्शन कार्यालयानं तो खोडला असं दिसलं, तर तुमची बाजू आणखी भक्कम. जवानाला न तपासता पेन्शन कार्यालयानं बोर्डाचं मत फिरवायचं नाही, हे सॅपर मोहिंदर सिंग यांच्या प्रकरणात १९९३ मध्येच ठरलं आहे.

प्रश्न : यजमान ८ वर्षांच्या नोकरीनंतर १९८८ मध्ये डोक्याच्या आजारानं घरी आले. पेन्शन कधीच नव्हती. २०२० मध्ये गेले. कागद काही सापडत नाहीत. मला काही मिळेल का? (एक ताई, महू)

ताई, आधी डिस्चार्ज बुक शोधा. देव्हाऱ्यामागे, जुन्या गादीखाली, दिरांच्या घरी, सगळीकडे. नोकरीतून का काढलं हे त्यात लिहिलेलं असतं, आणि तुमच्या बाबतीत ते फार मोलाचं आहे. पेन्शन नसलेल्या जवानांची फाइल साधारण २५ वर्षांनी नष्ट करतात, लाँग रोलमधली, म्हणजे जवानांच्या कायमच्या नोंदवहीतली, नोंद तेवढी राहते. तरी माहितीचा अर्ज कराच. सोबत मृत्यूचा दाखला आणि लग्नाचा पुरावा जोडा. ‘फाइल नष्ट केली’ असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा, कोर्टात दाखवावं लागेल.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे कोणी खोटी आशा दाखवू नये. थकबाकी तीन वर्षांचीच धरली, तर ती यजमानांच्या हयातीपर्यंत मागे पोचत नाही. म्हणून भर कुटुंब निवृत्तिवेतनावर द्या: त्यांचा अपंगत्वाचा हक्क मान्य करा आणि त्याआधारे मला कुटुंब निवृत्तिवेतन द्या, अशी मागणी एकाच अर्जात करा. मानसिक आजार म्हटलं की फाइल हातावेगळी करायची, ही सवय मी जवळून पाहिली आहे, आणि तिचं दुःख आजही आहे. २०२५ मध्ये राजूमोन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्किझोफ्रेनिया असला तरी बोर्डानं कारणं द्यायलाच हवीत. तो निकाल अर्जासोबत जोडा.

प्रश्न : वार्षिक रजेत बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका वाटताना स्कूटर घसरली, पाय गेला. दावा नाकारला. (माजी नाईक, देवास)

वाईट वाटतं, पण ही बाजू कमकुवत आहे. रजेतल्या अपघाताचा सेवेशी काहीतरी संबंध दाखवावा लागतो, आणि घरच्या कामात तो दाखवता येत नाही. अपघात युनिटमधून घरी येताना किंवा परत जाताना झाला असता तर गोष्ट वेगळी होती. मदनसिंग शेखावत यांना रजेवर घरी जाताना रेल्वेतून उतरताना दुखापत झाली होती, ती १९९९ मध्ये ड्यूटीवरची मानली गेली. तारखा पुन्हा तपासा. प्रवासाचाच दिवस निघाला तर मला कळवा.

प्रश्न : २००६ मध्ये मुदत पूर्ण करून हवालदार म्हणून निवृत्त. २० टक्के अपंगत्व मिळतं. शेजारी म्हणतात, ५० व्हायला हवं. (रामबाग)

शेजारी बरोबर सांगतात. ५० च्या आतलं ५०, ५० ते ७५ मधलं ७५, त्यावरचं १००, असं धरतात. आधी हे फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना देत. मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही ते लागू आहे, हे डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार निकालात ठरलं. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) काढून टक्के बघा आणि रेकॉर्ड ऑफिसला लिहा.

प्रश्न : एक जण म्हणतो, केस जिंकून देतो, थकबाकीतले ३० टक्के द्या, डिस्चार्ज बुक माझ्याकडे ठेवा. (एका माजी सैनिकाची मुलगी, तिलकनगर)

नाही म्हणा. तो वकील असेल तर निकालावर ठरणारी फी किंवा रकमेतला वाटा ठरवायला वकिलांच्या आचारनियमांत बंदी आहे. वकील नसेल तर तो न्यायाधिकरणात तुमच्या वतीनं उभा राहणार नाही, मग हिस्सा कशाचा? अर्ज लिहायला मदत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. बाबांचं डिस्चार्ज बुक कोणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि आधीच देऊन बसला असाल, तर उद्या सकाळी बाबांना सोबत घेऊन जा आणि ते परत आणा.