कोरियातल्या जुन्या भांड्यांचा तो निळसर हिरवा रंग कशाचा?

तुम्ही विचारलंय की कोर्यो काळातल्या (सन ९१८ ते १३९२) कोरियन सेलाडॉन भांड्यांचा (म्हणजे निळसर हिरव्या, काचेसारख्या झिलईच्या भांड्यांचा) हिरवा रंग तांब्याचा आहे का, त्यावरचे काळे-पांढरे क्रौंच ब्रशने रंगवलेत का, आणि भांडं न फोडता हे कळतं कसं. मी गेली बारा वर्षं स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेली घट्ट मातीची भांडी, भाजते, गॅसची छोटी भट्टी आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

तांबं नाही, लोह. ज्या लोहामुळे आपलं मडकं लाल होतं, तेच. सेलाडॉनच्या झिलईत ते साधारण १ ते ३ टक्के असतं. बाकी झिलई म्हणजे दगडाची पूड आणि लाकडाची राख. राख वापरली होती हे कशावरून? झिलईत चुन्याबरोबर थोडं फॉस्फरस आणि मँगनीजही सापडतं. नुसती चुनखडी घातली असती तर ते असं सोबत आलं नसतं.

खरा रंगारी म्हणजे भट्टीतली हवा. भांडं आधी कच्चं भाजायचं, मग झिलई देऊन पुन्हा सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं. या दुसऱ्या भाजणीत लाकूड भरपूर आणि हवा कमी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो लोहातला ऑक्सिजन ओढून घेतो. लाल-पिवळं होऊ शकणारं लोह मग निळसर हिरवं होतं. हे झिलई वितळायच्या आत सुरू व्हावं लागतं, कारण एकदा ती वितळून बंद झाली की धूर आत पोचत नाही. एकदा माझ्याकडून धुराड्याची झडप लावायला उशीर झाला. अख्ख्या फळीवरच्या वाट्या मोहरीच्या तेलासारख्या पिवळ्या निघाल्या. माती तीच, झिलई तीच, चुकली फक्त वेळ.

आता ते क्रौंच. ते रंगवलेले नाहीत, कोरलेले आहेत. या कामाला कोरियन भाषेत सांगगाम म्हणतात. माती अर्धवट सुकली की नक्षी खणायची, त्या खाचेत दुसरी माती भरायची, वरचं जास्तीचं खरवडून काढायचं, मग वर पारदर्शक झिलई. पांढऱ्यासाठी जवळजवळ लोह नसलेली माती आणि काळ्यासाठी लोहानं भरलेली लालसर माती. भरताना ती गेरूसारखी दिसते, भट्टीत तिच्यातल्या लोहाचं मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं काळं ऑक्साइड, होतं आणि ती काळीभोर होते. सोलच्या कान्सोंग संग्रहालयातल्या प्रसिद्ध मेब्योंग बरणीवर क्रौंचांची अंगं पांढरी आणि पाय-चोच काळे आहेत ते असे.

म्हणजे एकाच भांड्यात एकच लोह झिलईत हिरवं, खालच्या मातीत राखाडी आणि नक्षीत काळं. झिलई न लागलेल्या बुडाच्या कडेला तर कधीकधी तांबूस, कारण भट्टी निवताना तिथे हवा लागते. मला या भांड्यांत सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच. तांबं वापरायचे, पण क्वचित, एखाद्या फुलाला लाल ठिपका देण्यापुरतं.

ती खोल, मऊ चमक मात्र निव्वळ लोहाची नाही. झिलईचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बारीक बुडबुडे आणि न विरघळलेले गारगोटीचे कण दिसतात. प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो. ११२३ मध्ये चीनच्या सोंग दरबाराचा दूत शू जिंग कोरियात गेला होता. या रंगाला तिथले लोक 'बीसेक', म्हणजे जेड या हिरव्या रत्नासारखा रंग, म्हणतात, असं त्यानं लिहून ठेवलंय.

न फोडता काय कळतं? क्ष-किरण टाकले की प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठरावीक क्ष-किरण परत फेकतं, त्यावरून लोह किती, चुना किती ते समजतं. पण ते लोह कोणत्या अवस्थेत आहे हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मॉसबाउअर वर्णपटासारखी, गॅमा किरणांनी लोह तपासणारी पद्धत लागते, आणि तिला बहुतेक वेळा चिमूटभर पूड हवी असते. ती संग्रहालयातल्या बरणीची कोण देईल? म्हणून कोरियातल्या गांगजिन आणि बुआन इथल्या जुन्या भट्ट्यांशेजारचे खापरांचे ढीग इतके मोलाचे आहेत. तिथल्या कुंभारांनी फेकून दिलेल्या मालात हिरव्या तुकड्यांबरोबर पिवळट-तपकिरी तुकडेही असतात. माझ्या त्या वाट्यांसारखेच, हवा लागलेले.