'परिषद', 'पुनर्रचना' आणि 'परिषदांतर'

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलवर मराठीत लेख लिहिणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, तिकडे ज्याला 'कॉन्फरन्स रीअलाइनमेंट' म्हणतात (कॉन्फरन्स म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांची संघटना, आणि विद्यापीठे एक सोडून दुसरीत जातात ते रीअलाइनमेंट) त्यासाठी त्यांनी योजलेला 'परिषदांची पुनर्रचना' हा शब्दप्रयोग बरोबर आहे का. शंकेचे कारण त्यांनीच दिले आहे : मसुद्यातले 'पॅक-१२ परिषद कोसळली' हे पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या कॉन्फरन्सविषयीचे वाक्य वाचून त्यांच्या मित्राने 'कशी काय, मांडव पडला का?' असे विचारले. माझ्या मते यातला 'परिषद' हा शब्द निःशंकपणे ठेवावा. 'पुनर्रचना' मात्र जपून वापरावा.

मित्राच्या कानात पत्रकार परिषद आणि गोलमेज परिषद घुमत असावी, म्हणजे चार माणसे जमली, बोलली आणि उठून गेली, असा प्रसंग. पण त्याच मराठीत जिल्हा परिषद आहे, विधान परिषद आहे, १९०६ पासून चालत आलेली महाराष्ट्र साहित्य परिषद आहे. या परिषदांची बैठक संपली तरी परिषद संपत नाही. 'परि' आणि 'सद्', म्हणजे सभोवती बसणे, यांतून आलेला हा शब्द बैठकीलाही लागतो आणि बैठकीतून उभ्या राहिलेल्या संस्थेलाही. इंग्रजी शब्दाचा अमेरिकेतला प्रवास नेमका असाच झाला. १८९५ च्या जानेवारीत पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकाराने शिकागोतील पामर हाउस या हॉटेलात काही विद्यापीठांचे प्रमुख जमले. पुढच्या वर्षी सात विद्यापीठांचे प्राध्यापक-प्रतिनिधी पुन्हा बसले आणि कोणता विद्यार्थी खेळण्यास पात्र, याचे नियम ठरू लागले. ती बैठक उठलीच नाही असे म्हणायला हरकत नाही, कारण तिचीच आज 'बिग टेन' ही परिषद झाली आहे.

दुसरे पर्याय मी तपासून पाहिले. 'संघ' चालत नाही, कारण खेळाच्या मजकुरात संघ म्हणजे मैदानात उतरणारे खेळाडू. 'मिशिगनचा संघ ज्या संघात आहे त्या संघातील इतर संघ' असे वाक्य छापण्याची पाळी येईल. 'साखळी' हे स्पर्धेच्या पद्धतीचे नाव आहे, संस्थेचे नव्हे. 'गट' स्पर्धेपुरता असतो आणि तो आयोजक पाडतात. 'विभाग' हा शब्द आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांमुळे जवळचा वाटतो, परंतु तिथे पश्चिम विभागात कोण खेळणार हे नकाशा ठरवतो; प्रक्षेपणाचे पैसे जास्त मिळतात म्हणून मुंबई विद्यापीठाला दक्षिण विभागात जाता येत नाही. अमेरिकेत जाता येते, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

'पुनर्रचना' मला खटकते ती याच कारणाने. मतदारसंघांची पुनर्रचना होते तेव्हा आयोग असतो. राज्यांची झाली तेव्हा १९५६ चा कायदा होता. या शब्दात वर बसून रेषा आखणारा कुणीतरी गृहीत धरलेला असतो. अमेरिकेतील परिषदांच्या बाबतीत असा कुणी नाही. विद्यापीठीय खेळांचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था कोणते विद्यापीठ कोणत्या परिषदेत बसेल हे ठरवत नाही. आणि फुटबॉलच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावर तिची जी पकड होती, तीही १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात सात विरुद्ध दोन अशा बहुमताने सोडवली. तेव्हापासून प्रक्षेपण हक्क विकण्याची मुभा विद्यापीठांना आणि परिषदांना मिळाली, आणि कोणत्या परिषदेत असल्याने वाट्याला किती येते याचा हिशेब सुरू झाला. २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या दूरचित्रवाणी वाहिन्यांशी केलेला सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरांच्या वर असल्याच्या बातम्या होत्या.

यापुढे जे घडले त्याला आपल्या राजकीय बातम्यांची भाषा जास्त शोभते. सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी जून २०२२ च्या अखेरीस पॅक-१२ सोडण्याचे जाहीर केले. जुलै २०२३ मध्ये कोलोराडो गेले. ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन यांनी बिग टेनची, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा यांनी बिग १२ या आणखी एका परिषदेची वाट धरली. नंतर स्टॅनफर्ड आणि बर्कलीही बाहेर पडली, तीही अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या परिषदेत. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांना असा घरोबा करताना काय वाटले असेल, देव जाणे. १९१५ पासूनचा वारसा सांगणाऱ्या पॅक-१२ मध्ये उरली ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोन विद्यापीठे, आणि त्यांनी २०२४ मध्ये शेजारच्या माउंटन वेस्ट परिषदेचे सदस्य फोडले. 'फोडले' हे क्रियापद मी जाणून वापरतो आहे.

पक्ष सोडणे म्हणजे पक्षांतर, तर परिषद सोडून दुसरीत जाणे म्हणजे 'परिषदांतर' का नसावे? स्थलांतर, धर्मांतर, मतांतर या ओळीत तो सहज बसतो आणि कर्ता कोण हे लपवत नाही. एका विद्यापीठाची कृती सांगायची असेल तिथे 'परिषदांतर' लिहावे. अनेक परिषदांतरांनंतर जो नवा पट दिसतो त्याला 'फेरमांडणी' म्हणावे. सदस्य वाढणे याला 'विस्तार' पुरतो. मंत्रिमंडळाचा विस्तार आपण रोज वाचतो.

विशेषनामांतल्या आकड्यांना मात्र हात लावू नये. बिग टेनमध्ये आज अठरा विद्यापीठे आहेत आणि बिग १२ मध्ये सोळा. २०१२ ते २०१४ या काळात तर बिग टेनमध्ये बारा आणि बिग १२ मध्ये दहा होती. १९९० मध्ये पेन स्टेटला घेतल्यावर बिग टेनने नाव न बदलता बोधचिन्हातल्या अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत ११ चा आकडा दडवला होता. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. 'पंचायत' या शब्दात पाच आहेत, आणि महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य असतात.

राहता राहिली व्याकरणाची बाजू, कारण 'परिषदांतर'वर आक्षेप येईल तो तिथूनच. मूळ संस्कृत शब्द 'परिषद्' असा व्यंजनान्त आहे, त्यामुळे संधी काटेकोर केला तर 'परिषदंतर' होईल. पण मराठीत तो शब्द अकारान्त म्हणूनच नांदतो. शिवाय ज्यांना संस्कृत संधीच पाळायचा आहे त्यांनी 'पुनर्रचना'ही सोडून द्यावी. 'नीरस' आणि 'नीरोग' यांच्या नियमाने तिथे 'पुनारचना' हवे, आणि ते तर कुणीच लिहीत नाही.